नऊ पावलांचा दोरा

दुकानाच्या कोठीतील भिंतीवर सूनबाईंनी पांढऱ्या कागदाचा एक मोठा ताव चिकटवला, त्या दिवसापासून दुकानातील माणसे जरा ताठ चालू लागली. आपल्यावर कोणाची नजर आहे असे कळले की माणसाची चाल बदलते. सूनबाई तर नुसत्या पाहत नव्हत्या. त्या मोजत होत्या आणि मोजलेले लिहूनही घेत होत्या. दोनच दिवसांत त्यांचे पाठीमागचे नाव पडले, 'मोजपट्टी'. तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या कानांवर गेले आणि त्यांना हसू आले, म्हणून ते टिकले.

दुकान चौकातले. बर्गर, बटाट्याचे तळलेले काप, कोंबडीचे कुरकुरीत तुकडे आणि थंड पेये, एवढाच त्याचा संसार. काचेचे दार, अकरा टेबले, पुढे काउंटर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे कोठी. सासऱ्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी एका हातगाडीवर हा व्यवसाय आरंभला होता. गाडीचे दुकान झाले, आणि आता दुकानाला धाकटे भावंड होणार होते. पुलापलीकडच्या वस्तीत जागा घेतली होती, भिंतींना रंग लागत होता, महिन्याभरात दार उघडायचे होते. सूनबाईंचे यजमान यंत्रांच्या खरेदीत गुंतलेले. तेव्हा मालकांनी व्यवस्थापन शिकलेल्या सुनेला जवळ बसवून सांगितले,

"पोरी, आजवर सगळं माझ्या डोक्यात होतं. ते कागदावर उतरव. कोण कुणाला विचारणार, कोण कशाला जबाबदार, सगळं. माझं डोकं काही दोन ठिकाणी ठेवता येत नाही. आणि एक सांगतो, एकही चौकट रिकामी असेल तर पलीकडचं दार उघडायचं नाही."

"उतरवते, बाबा. पण माझाही एक नियम. एका चौकटीत एकच नाव. दोन नावं आली की जबाबदारी दोघांच्या मधून खाली पडते."

"मान्य," मालक म्हणाले. "फक्त आतली माणसं चौकटीत बसतात का बघ. मला तर एकोणीस वर्षांत बसवता आली नाहीत."

मुळे वर आणि फांद्या खाली असलेला जबाबदाऱ्यांचा वृक्ष मग तावावर वाढू लागला. सर्वांत वर मालक. त्यांच्याखाली खरेदी आणि साठा, स्वयंपाकघर, काउंटर, घरपोच सेवा, हिशेब, माणसांची भरती व शिकवण, आणि अगदी उजवीकडे गुणवत्ता. स्वयंपाकघराच्या फांदीला पुन्हा चार डहाळ्या: भाजणे, तळणे, बर्गरची जुळणी आणि धुणे. काउंटरवर ग्राहकांना सांभाळणारी बाई दिवसभर अखंड बोलत असे, म्हणून तिला सारे चिमणी म्हणत. ती येता-जाता तावाकडे डोकावून जाई.

"वहिनी, माझी चौकट जरा मोठी काढा."

"का गं?"

"माझं तोंड मावायला नको?"

एकेक चौकट भरत गेली. रिकामी राहिली ती गुणवत्तेची. तिच्यात कोणाचे नाव घालायचे याविषयी सूनबाईंच्या मनात मात्र तिळमात्र शंका नव्हती.

ते नाव होते तळणमावशींचे. मावशी हातगाडीच्या काळापासूनच्या. तेव्हा त्या गाडीमागे भांडी घासत. एके दिवशी मालकांनी लोभाने आदल्या दिवसाचेच तेल पुन्हा चढवले. मावशी हातातले पातेले खाली ठेवून म्हणाल्या, "तेल उतरलं." म्हणजे तेलाचा दम संपला, आता ते टाकून द्यावे. "कुणी सांगितलं?" मालकांनी विचारले. "माझ्या नाकानं," त्या म्हणाल्या. मालकांनी ऐकले नाही. त्या संध्याकाळी एका ग्राहकाची लहान मुलगी त्या तेलातले खाऊन आजारी पडली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. तो रागावला नाही, काही बोलला नाही. गाडीसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्याचे ते न बोलणे मालकांच्या काळजात रुतले. त्याच दिवशी त्यांनी भांडी घासणाऱ्या बाईच्या हाती झारा दिला आणि म्हणाले, "आजपासून तेलाचा शब्द तुझा. तू उतरलं म्हणालीस की मीही गप्प. आणि तू म्हणेपर्यंत दुसरं कुणी म्हणायचं नाही."

तेव्हापासून ती दुकानाची रीत झाली. मावशींनी "तेल उतरलं" म्हटले की फ्रायर बंद. समोर पन्नास माणसांची रांग असली तरी बंद. तेल काढायचे, भांडे घासायचे, नवे तेल भरायचे, मगच पुढचा काप. हा अधिकार कोणत्याही कागदावर नव्हता, पण तो मालकांच्या सहीहून वजनदार होता. तेल तपासण्याच्या कागदी पट्ट्या पुढे बाजारात आल्या. त्या सकाळी एकदा लावल्या जात. परंतु तेल थकते ते भर दुपारी, गर्दीत, आणि तिथे पट्टी नव्हे, मावशी उभ्या असत.

सूनबाई स्वतः त्यांच्याकडे गेल्या.

"मावशी, गुणवत्तेची चौकट तुमची. दोन्ही दुकानांची. तीन दिवस इथं, तीन दिवस पलीकडं."

मावशींनी कापांची जाळी झटकली. "पलीकडं माझ्याबरोबर कोण?"

"नवी माणसं. तुम्ही त्यांना शिकवायचं."

"नको हो वहिनी. मी इथंच बरी. उगाच घोड्यावर बसवाल आणि मी पलीकडून पडेन."

"एकोणीस वर्षं तुमच्या शब्दावर दुकान चाललंय."

"तेवढीच तर माझी कमाई," मावशी म्हणाल्या. त्या तेलाकडेच पाहत होत्या. "एकदा चुकला ना शब्द, की मग मी घरी. इथं झारा धरून उभं राहायचं तोंड राहणार नाही मला."

शेजारच्या टेबलावर थरकाका बर्गर रचत होते. काका सडपातळ, अबोल, साठी ओलांडलेले. पूर्वी ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. कागदांची थप्पी चारी कडांनी सारखी करण्याची सवय त्यांच्या हातांत उतरली होती. पाव, पाने, भाजलेली चकती, चटणी, पुन्हा पाव. थराला थर असा बसे की जणू ओळंबा लावला आहे. त्या क्षणी मात्र त्यांच्या हातून एक बर्गर तिरका रचला गेला. सूनबाईंना नवल वाटले, पण त्यांनी ते लिहून घेतले नाही.

मालकांच्या कानांवर मावशींचा नकार गेला तेव्हा त्यांनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"नाही म्हणाली? मग थांब जरा."

"थांबायला दिवस कुठं आहेत, बाबा? रिकामी चौकट चालणार नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरा." ते आणखी काही बोलणार असे वाटले. मग त्यांनी कपातला थंड झालेला चहा पिऊन टाकला.

मावशींचे मन वळेपर्यंत सूनबाईंनी दुसरे काम हाती घेतले. एका फळीवर त्यांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढला, टेबल, भट्टी, फ्रायर, कपाट अशा प्रत्येक जागी टाचणी रोवली, आणि ज्या माणसाने जेवढ्या फेऱ्या घातल्या तेवढा दोरा त्या टाचण्यांभोवती गुंडाळला. प्रत्येकाचा रंग निराळा. संध्याकाळपर्यंत कोणाची चाल कामाची आणि कोणाची फुकटची, हे लहान मुलालाही कळावे असे ते चित्र तयार होई.

काकांचा दोरा तपकिरी. तीन दिवस सूनबाईंनी तो गुंडाळला, आणि तिन्ही दिवस एकच गोष्ट दिसली. काका तासातासाला आपले टेबल सोडून नऊ पावले चालत फ्रायरपाशी जात, क्षणभर उभे राहत आणि नऊ पावले परत येत. जाताना हातात काही नाही, येताना काही नाही.

"काका, फ्रायरकडं कशाला जाता हो?"

"पाय मोकळे करायला."

"दिवसभर उभेच तर असता."

"म्हणूनच."

भट्टीवाला हसला, चिमणी हसली, सूनबाईही हसल्या. पण दोरा हसण्यावारी जाणारा नव्हता. त्यांनी हिशेब केला: काकांचे टेबल थंड कपाटापलीकडे, पदार्थ देण्याच्या खिडकीला लागून ठेवले तर प्रत्येक बर्गरमागे कितीतरी पावले वाचतील, आणि फ्रायरकडे जाण्याचा मोहही उरणार नाही.

"आणि खांद्यावरचा तो रुमाल कमरेला अडकवा, काका. अन्नाजवळ लोंबतो."

लाल चौकटींचा तो रुमाल काकांच्या उजव्या खांद्यावर नेहमी असे. काकांनी आजवर कोणाला उलट उत्तर दिले नव्हते. ते म्हणाले, "टेबल हलवू नका, वहिनी."

"कारण सांगा, नाही हलवत."

काकांनी मावशींकडे पाहिले. मावशींनी झारा घासायला घेतला होता आणि त्यांची मान वर होत नव्हती.

"कारण काही नाही," काका म्हणाले, आणि टेबलाचे एक टोक स्वतःच उचलले.

चौथ्या दिवशी समोरच्या मैदानावर सामना होता. तो संपला आणि सारे मैदान जणू दुकानात ओतले गेले. सूनबाई खिडकीपाशी घड्याळ धरून उभ्या होत्या. पूर्वी एका ऑर्डरला पाच मिनिटे लागत, आता चारच लागत होती. त्यांचे मन हरखून गेले. कागदावर मांडलेले जग डोळ्यांदेखत खरे होताना पाहणे हा आनंद मोठा असतो; त्यांनी तो तासभर पोटभर भोगला.

मग वास आला.

आधी पुसट, मग स्पष्ट. जुन्या रंगाच्या डब्याचे झाकण उघडावे तसा. सूनबाईंनी फ्रायरकडे पाहिले. मावशी शांतपणे पुढची जाळी तेलात सोडत होत्या. भट्टीवाल्याने तोंड फिरवले. धुणाऱ्या बाईने नाकाशी मनगट नेले. काउंटरवर चिमणीने वळून आत पाहिले, आणि आश्चर्य असे की ती काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक नाकाला कळले होते आणि एकही जीभ हलत नव्हती. ही माणसे बोलत का नाहीत, असा सूनबाईंना राग आला. लगेच त्यांच्या ध्यानात आले की आपणही बोललेलो नाही. तो शब्द त्यांचा नव्हता. तो एकट्या मावशींचा होता, आणि मावशी उभ्या होत्या गप्प.

एका माणसाने कापांचे पुडके परत आणून दिले. "जळकट लागतंय हो." त्याच्यामागे दुसरा आला.

मावशींनी ते ऐकले. त्यांनी तेलावर वाकून पाहिले. ओठ उघडले, मिटले. मग त्यांनी मान वर करून समोर पाहिले, जिथे कालपर्यंत काकांचे टेबल होते. तिथे आता बटाट्याची खोकी रचलेली होती. त्या खोक्यांकडे मावशी अशा पाहत राहिल्या, की सूनबाईंच्या हातातले घड्याळ आपोआप खाली आले. गर्दीत हात सुटलेले मूल जसे ओळखीचा चेहरा शोधते, तशी ती नजर होती.

थंड कपाटाला वळसा घालून काका आले. मागे सहा बर्गर अर्धवट उघडे पडले होते. असे त्यांनी जन्मात केले नव्हते. आता पावले नऊ नव्हती, तेवीस होती, आणि गुडघे कुरकुरत होते. फ्रायरपाशी येऊन त्यांनी श्वास घेतला, कमरेचा रुमाल काढला आणि डाव्या खांद्यावर टाकला.

"तेल उतरलं," मावशी म्हणाल्या.

आवाज खणखणीत होता. फ्रायर बंद झाला. भट्टीवाला तेल काढायला धावला. चिमणीची वाचा परत आली आणि तिने रांगेला सांगितले, "दहा मिनिटं थांबा, मंडळी, तुमच्यासाठी नवं तेल चढतंय. घाई असेल त्यांनी थंड पेय घ्यावं, आणि राग असेल त्यांनी दोन घ्यावीत!" लोक हसले. मालक स्वतः पुढे आले, परत आलेली पुडकी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, त्या माणसांची क्षमा मागितली.

सूनबाईंची दृष्टी त्या रुमालावर खिळली होती. उजव्या खांद्यावरून डाव्या. नऊ पावले जाणे, नऊ पावले येणे. हातात काही नाही.

गर्दी ओसरल्यावर मावशी कोठीत आल्या. त्यांनी एप्रन काढून त्याची नीट घडी घातली होती.

"वहिनी, हा घ्या."

"बसा आधी." सूनबाईंनी पिठाच्या पोत्यावरची वही उचलून जागा केली.

मावशी बसल्या. बराच वेळ त्या घडी घातलेल्या एप्रनवरून हात फिरवत राहिल्या. "गेल्या वर्षी ताप आला होता मला, पंधरा दिवस. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल. मग एक दिवस घरी दूध करपलं. शेजारीण दार वाजवत आली, आणि मी तिथंच शेगडीपाशी उभी. चौदा महिने झाले आता."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? तेलवालीचं नाक गेलं म्हणून?"

"मग काकांना?"

मावशींच्या चेहऱ्यावर किंचित हसू आले. "त्यांनाही नाही. ते गुडघ्याला एक औषध चोळतात, वहिनी. असं उग्र, की काय सांगू! रोज सकाळी मी त्यांना त्यावरून बोलायची. 'काका, तळण नासवाल, लांब उभे राहा.' वर्षानुवर्षं बोलले. त्या आजारातून उठून आले आणि बोलायचीच राहिले. मला काय कळणार आज चोळलंय की नाही? दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट चोळलं. बाकीचे सगळे ओरडायला लागले आणि मी आपली गप्प. तेव्हा ओळखलं त्यांनी. काही विचारलं नाही. दुपारी समोर येऊन उभे राहिले, रुमाल डावीकडं टाकला आणि तेलाकडं नुसतं पाहिलं. त्या दिवसापासून असंच."

सूनबाईंनी भिंतीवरच्या फळीकडे पाहिले. फ्रायरच्या टाचणीवरून त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवलेला तपकिरी दोरा खाली लोंबत होता.

"आज माझ्यामुळं झालं, मावशी."

"तुमच्यामुळं कसं? मला दिसत होतं की."

"काय दिसत होतं?"

"तेल." मावशी सहज म्हणाल्या. "फेस बसत नव्हता. चांगल्या तेलाचा फेस उठतो आणि विरतो. थकलेल्याचा कडेला झालरीसारखा धरून राहतो. बुडबुडे बारीक, आळशी. आवाजही बदलतो. ताजं तेल वाळक्या पानांवरून चालल्यासारखं वाजतं, उतरलेलं झोपेत पुटपुटल्यासारखं. काप कडेला लाल होतो आणि पोटात कच्चा राहतो. धूर वेळेआधी येतो. सगळं होतं आज."

"हे तुम्हाला कधीपासून कळतं?"

"नाक गेल्यापासून. नाक होतं तेव्हा कशाला एवढं बघितलं असतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"डोळ्याला दिसतं, वहिनी, पण छाती होत नाही. चुकले तर? एकोणीस वर्षांचा शब्द. रुमाल दिसला की छाती होते."

सूनबाईंनी वही उघडली, पेन्सिल घेतली.

"फेसाचं पुन्हा सांगा. झालरीसारखा म्हणालात ना?"

"लिहून काय करणार?"

"पलीकडं दोन बाया तळणावर येणार आहेत. धडधाकट नाकाच्या माणसाला मी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, वास आला की समजतं. तो वास मी त्यांना वहीत कसा देऊ? तुम्ही सांगताय ते देता येईल." त्यांनी एप्रन मावशींच्या मांडीवर परत ठेवला. "आणि हा बांधा. घडी मोडायला हवीच आहे."

मावशींनी लगेच बांधला नाही. त्यांनी फेसाचे पुन्हा सांगितले, मग आवाजाचे, मग धुराचे, आणि सांगता सांगता केव्हातरी त्यांचे हात पाठीमागे जाऊन गाठ मारून आले.

सूनबाई मालकांकडे गेल्या तेव्हा ते बाहेरचे टेबल पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा."

"मालक झालो म्हणून नाक गहाण टाकलं नाही मी. सगळ्यांनाच माहीत आहे. तिला वाटतं, फक्त काकांना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तिनं मला सांगितलं नव्हतं. जे मला कुणी सांगितलंच नाही, ते मी तुला कसं सांगू?" मग त्यांनी फडके खाली ठेवले. "पण चुकलं माझं. थांब म्हणालो, आणि का ते सांगितलं नाही. आज दोन माणसं वाईट खाऊन गेली ती माझ्या गप्प बसण्यामुळं."

"टेबल मी हलवलं होतं."

"मग आपण दोघं मिळून परत जागेवर ठेवू. चल, एक टोक धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंनी सर्वांसमक्ष गुणवत्तेच्या चौकटीत मावशींचे नाव लिहिले. मावशी काही बोलणार तोच त्यांनी त्याच चौकटीत, त्याच ओळीत, काकांचेही नाव लिहिले, आणि खाली दोन्ही दुकानांची नावे.

मालक चष्मा सावरून जवळ आले. "एका चौकटीत एकच नाव, असा कुणाचा तरी नियम होता."

"माझाच होता, बाबा. मोडायचा तर मीच मोडणार ना?"

"मला कशाला घातलंत?" काका गोंधळून म्हणाले. "मी थर लावणारा माणूस."

"अहो काका, एका चौकटीत दोघं!" चिमणीला राहवले नाही. "आता आमचं तोंड कधी गोड करताय?"

काकांचे कान लाल झाले. भट्टीवाला खोकल्याचे निमित्त करून पाठमोरा झाला. मावशी म्हणाल्या, "चिमणे, काउंटरवर माणूस उभा आहे," आणि खरोखरच कोणी उभे आहे का हे पाहायला चिमणी गेली. कोणी नव्हते.

पुलापलीकडचे दुकान ठरल्या दिवशी उघडले. स्वयंपाकघर नवे, भिंती पांढऱ्याशुभ्र, फ्रायर आरशासारखा. जुळणीचे टेबल कुठे ठेवायचे हे ठरवताना सूनबाईंनी खिशातून मोजपट्टी काढली आणि कारागिराला सांगितले, "फ्रायरपासून नऊ पावलं. माझी नव्हे, काकांची. आणि मध्ये काही ठेवायचं नाही." तळणावरच्या दोन नव्या बाया वहीतला मजकूर पाठ करून आल्या होत्या. मावशी एकीला तेलाजवळ कान न्यायला सांगत, दुसरीला फेसाची कड दाखवत.

तिसरा प्रहर. गर्दी बऱ्यापैकी होती. मावशी तेलावर किंचित वाकल्या, आणि तशाच राहिल्या. मान कलती करून त्यांनी ऐकले. एक काप काढून बोटांनी मोडला, त्याचे पोट पाहिले. सूनबाई दारातून पाहत होत्या. काका पाठमोरे, थराला थर लावण्यात मग्न; रुमाल उजव्या खांद्यावर. मावशींनी त्या रुमालाकडे पाहिले. रुमाल हलला नाही. त्यांनी पुन्हा तेलाकडे पाहिले, आणि या वेळी मान वर न करता म्हणाल्या,

"तेल उतरलं."

सगळे थांबले. दोन्ही नव्या बायांनी काकांकडे पाहिले, सूनबाईंनीही पाहिले. काकांनी हातातला पाव खाली ठेवला आणि नऊ पावले चालत ते आले. फ्रायरवर वाकून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मग रुमाल उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर टाकला.

"मी येतच होतो," ते म्हणाले.

"उशीर झाला तुम्हाला."

फ्रायर बंद झाला. नव्या बाया तेल काढण्याच्या लगबगीला लागल्या. काका परत जायला वळले, तेव्हा मावशींनी त्यांना मागून हाक मारली.

"आज गुडघ्याला ते औषध चोळलंय ना?"

काका थबकले. "चोळलंय."

"मग जरा लांब उभे राहा. तळण नासवाल माझं."

नऊ पावले ते परत गेले आणि कामाला लागले. सूनबाईंनी खिडकीतून पुढे सरकवलेला त्यांचा पुढचा बर्गर पाहिला. तो चांगलाच तिरका रचला गेला होता. त्यांनी तो हाताने सरळ केला आणि बाहेर दिला.